जुनी डर्ट बाइक, वडील आणि मुले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७० च्या दशकातील एखादी डर्ट बाइक, म्हणजे रस्त्याबाहेर कच्च्या जमिनीवर चालवायची मोटरसायकल, घरी आणावी, मुलांना सोबत घेऊन ती दुरुस्त करावी आणि मोकळ्या जमिनीवर दोघांनी मिळून गाड्या चालवाव्यात, असा विचार करणाऱ्या वडिलांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. हा छंद मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात रुजलेला असल्यामुळे उत्तरे तिथल्या गाड्या, मैदाने आणि नियम यांना धरून, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना समोर ठेवून दिली आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रश्नाला शेवटी स्वतंत्र उत्तर आहे.

विंटेज डर्ट बाइक नेमकी कशाला म्हणायचे?

गाडी नुसती जुनी असणे पुरेसे नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या स्पर्धा भरवणारी ‘अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन’ ही संस्था मोटोक्रॉसच्या (मातीच्या, चढ-उतारांच्या मैदानावरील शर्यतींच्या) ‘विंटेज’ गटात साधारणपणे १९७४ पर्यंतच्या बनावटीच्या गाड्या धरते आणि त्यांच्या सस्पेन्शनची (चाकांना धक्के झेलू देणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या रचनेची) हालचाल पुढच्या चाकाला ७ इंच व मागच्या चाकाला ४ इंच यांपेक्षा जास्त असू देत नाही. ही सीमारेषा मनाला येईल तशी आखलेली नाही. यामाहाने मागच्या बाजूला एकच शॉक असलेली मोनोशॉक रचना वापरून १९७३ मध्ये हाकन अँडरसन या स्वीडिश चालकाकरवी २५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचे सस्पेन्शन लांबत गेले. लांब सस्पेन्शनमुळे उड्या मोठ्या झाल्या, उड्या मोठ्या झाल्या म्हणून मैदाने बदलली, आणि त्याआधीच्या गाड्या एका वेगळ्याच खेळाच्या ठरल्या. १९७५ पासूनच्या, पण अजून हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या आणि ड्रम ब्रेकच्या गाड्यांसाठी वेगळे गट आहेत.

या गाड्यांची घराणीही माहीत असलेली बरी. एडिसन डाय नावाच्या आयातदाराने १९६६ मध्ये टोर्स्टन हॉलमन या जगज्जेत्याला हुस्कवार्ना गाडीसह अमेरिकेत आणले आणि तिथल्या तरुणांना युरोपीय मोटोक्रॉसचे वेड लागले. त्यानंतर जर्मनीची मायको, स्पेनच्या बुल्टाको आणि मोंटेसा, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड या गाड्या आल्या, आणि पाठोपाठ जपानी कंपन्या उतरल्या. होंडाची १९७३ ची सीआर २५० एम, म्हणजे ‘एल्सिनोर’, ही त्या कंपनीची ग्राहकांना विकलेली पहिली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडी होती. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावाच्या शर्यतीवरून तिचे नाव पडले. अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत टाकी आणि सुमारे ९७ किलो वजन असलेली ही गाडी आज या छंदातल्या बहुतेक वडिलांच्या मनात असते.

नवी, भरवशाची गाडी मिळत असताना जुनीच का घ्यावी?

चालवण्याच्या सुखाचा विचार केला तर नवी गाडी जवळजवळ प्रत्येक बाबतीत सरस आहे, हे आधीच मान्य केलेले चांगले. जुन्या गाडीचे सामर्थ्य दुसरीकडे आहे. तिचे इंजिन एका टेबलावर, साध्या पान्यांनी आणि दोन-चार खास अवजारांनी पूर्ण खोलता येते. त्यात कोणताही संगणक नसतो, आणि गाडी चालू का होत नाही या प्रश्नाची उत्तरे मोजकी असतात : ठिणगी, पेट्रोल, हवा आणि दाब. दहा वर्षांच्या मुलालाही ही चार नावे पाठ होतात आणि तो त्या क्रमाने शोध घेऊ शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या गाडीपुढे वडीलही अज्ञानी असतात. आपल्या घरांमध्ये वडील आणि मुले एकत्र बसतात तेव्हा बहुधा वडिलांना उत्तर माहीत असते आणि मुलाला ते द्यायचे असते. गृहपाठ, बुद्धिबळ, पाढे, सगळीकडे हीच मांडणी असते. पन्नास वर्षांपूर्वीचा कार्ब्युरेटर उघडल्यावर मात्र दोघेही कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत डोके घालून बसतात, आणि एखादे दिवशी मुलाचाच अंदाज बरोबर निघतो. “थांब, मलाही माहीत नाही, तपासून पाहू,” हे वाक्य वडिलांच्या तोंडून मुलाला वारंवार ऐकायला मिळणे हाच, आमच्या मते, या छंदाचा खरा लाभ आहे. गाडी चालवण्याचे तास त्या मानाने थोडे असतात, आणि जे असतात त्यांत हेल्मेट घातलेली दोन माणसे एकमेकांशी बोलूही शकत नाहीत.

मग मुलालाही जुनीच गाडी द्यावी का?

सहसा देऊ नये. या प्रश्नावर छंदातील मंडळींचे एकमत नाही, परंतु आमचे मत स्पष्ट आहे : दुरुस्तीसाठी जुनी गाडी दोघांची असावी, आणि मुलाने चालवायची गाडी मात्र त्याच्या उंचीला, वजनाला आणि ताकदीला पुरेल अशी निवडावी, मग ती कोणत्याही सालची असो. जुन्या ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेले की ते काही काळ धरतच नाहीत. जुन्या गाडीचे अ‍ॅक्सिलरेटर अडकू शकते, आणि गाडीवरून पडल्यास इंजिन आपोआप बंद करणारी मनगटाची दोरी त्या काळी सहसा नसे. मोठा माणूस या उणिवा सांभाळून घेतो. शिकाऊ मुलाकडून ती अपेक्षा करणे योग्य नाही.

याला सुदैवाने एक मोठा अपवाद आहे. काही लहान गाड्या इतक्या नीट घडवल्या गेल्या की त्या दशकानुदशके फारशा न बदलता बनत राहिल्या. यामाहाची पीडब्ल्यू ५० ही गाडी १९८१ मध्ये आली. तिला गिअर नाहीत, चेन नाही (मागचे चाक शाफ्टने फिरते, त्यामुळे बोटे अडकण्याचा एक धोका कमी होतो), ऑइल आपोआप मिसळले जाते आणि अ‍ॅक्सिलरेटर किती उघडावा हे एका स्क्रूने बांधून टाकता येते. १९७९ ते १९९९ या काळात बनलेली होंडाची झेड ५० आर ही तीन गिअरची आणि हाताच्या क्लचची गरज नसलेली गाडीही याच जातीची. दहा-बारा वर्षांच्या, क्लच शिकायला तयार असलेल्या मुलासाठी १९७३ पासूनची होंडा एक्सआर ७५ चांगली. तिचे इंजिन फोर-स्ट्रोक असल्यामुळे ताकद सौम्यपणे येते आणि किक मुलाच्या पायाला झेपते. या तिन्ही गाड्यांचे सुटे भाग मिळतात. त्यांतली कोणतीही घेतली तरी मनगटाची दोरी बसवून घेणे मात्र अनिवार्य समजावे.

गाडीचे माप मुलाला बरोबर आहे, हे कसे ओळखावे?

सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला टेकले पाहिजेत, अगदी नवशिक्याचे तर संपूर्ण तळवे. फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहिल्यावर गुडघे किंचित वाकलेले राहून हात हँडलपर्यंत सहज पोहोचावेत. ब्रेकच्या दांड्याला बोटे पुरली पाहिजेत. “वाढत्या अंगाचे” कपडे घेण्याची आपली जुनी सवय इथे धोक्याची आहे.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

याचे प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्यावे लागते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची भूमिका अशी आहे की, १६ वर्षांखालील मुलांनी रस्त्याबाहेरची मोटारवाहने चालवूच नयेत, कारण वेग आणि अंतर यांचा अंदाज घेण्याची क्षमता त्या वयापर्यंत पुरती आलेली नसते. दुसरीकडे मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था आपल्या डर्ट बाइक प्रशिक्षणात ६ वर्षांपासूनची मुले घेते. आम्ही पालकांना या दोन्ही गोष्टी सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोपवतो. ज्या घरात आई-वडिलांपैकी एकाचाही विरोध आहे, तिथे चालवण्याचा भाग पुढे ढकलून गॅरेजमधल्या कामापासून सुरुवात करावी. वयापेक्षा दोन खुणा अधिक उपयोगी पडतात. मुलाला सायकल आधाराच्या चाकांविना, उभे राहून आणि एका हाताने चालवता येते का, आणि “थांब” म्हटल्यावर ते पहिल्या हाकेला थांबते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर वय कितीही असले तरी गाडी देऊ नये.

मला दुरुस्तीतले काहीच येत नाही. तरीही जमेल का?

जमेल, आणि काही मराठी वडिलांना तर आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच काही येत असते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा आणि येझदी गाड्या ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत चालवल्या, त्यांना टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव नव्याने सांगावा लागत नाही. प्लग काढून पुसणे, पॉइंटमध्ये अडकलेली घाण कागदाने काढणे, पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल मोजून घालणे, हे सारे त्यांच्या हातात असते. शिवाय हे नाते नुसत्या सवयीचे नाही. जावा आणि सीझेड हे चेकोस्लोव्हाकियातले भाऊबंद कारखाने होते, आणि बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ ची २५० सीसी मोटोक्रॉसची जागतिक विजेतेपदे सीझेडवरच मिळवली. येझदीचा किक आणि गिअर यांचा एकच दांडा ज्याने वापरला आहे, त्याला जुन्या सीझेडपुढे उभे राहताना परके वाटायचे कारण नाही.

ज्यांची अशी पार्श्वभूमी नाही, त्यांनी लहान फोर-स्ट्रोक किंवा ८० ते १२५ सीसीच्या जपानी टू-स्ट्रोकपासून सुरुवात करावी आणि क्रँकशाफ्ट वेगळा करणे, सिलिंडर बोअर करणे, वेल्डिंग ही कामे निःसंकोचपणे जाणकार मिस्त्रीकडे द्यावीत. मुलाला सोबत न्यावे. मोठ्या यंत्रावर सिलिंडर घासला जाताना पाहणे हेदेखील शिक्षणच आहे.

जुनी गाडी विकत घेताना काय तपासावे?

चालू नसलेली पण पूर्ण गाडी ही चालू असलेल्या अपुऱ्या गाडीपेक्षा नेहमी बरी. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सील हे सारे नव्याने मिळते; मूळ टाकी, साइड पॅनेल, योग्य कार्ब्युरेटर आणि धुराचा नळा शोधताना मात्र वर्षे जातात. एल्सिनोरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला खोल पोचा असेल तर किंमत ठरवताना तो विसरू नये. फ्रेमवर हँडलच्या मानेजवळ आणि मागचे चाक धरणारा स्विंग-आर्म जोडला जातो तिथे तडे आहेत का ते पाहावे. रंगाखाली दडलेली वेल्डिंगची जाड रेघ शंकास्पद समजावी. किक दाबून पाहावी. ती अजिबात दाब न देता खाली गेली तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे, आणि हललीच नाही तर इंजिन जाम आहे. दुसरी अवस्था दिसते तितकी वाईट नसते. बुल्टाको आणि मोंटेसाच्या फायबरग्लासच्या टाक्यांबाबत विशेष सावध राहावे, कारण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने त्यांचे राळ विरघळते आणि तो चिकट गाळ थेट इंजिनात जातो. गाडीची मालकीची कागदपत्रे नसतील तर तुमच्या राज्याचे नियम आधी पाहावेत. रस्त्याबाहेरच्या जुन्या गाड्यांना कित्येकदा कागदपत्रे दिलीच गेली नव्हती, पण चोरीची गाडी पदरात पडू नये म्हणून फ्रेमचा क्रमांक पडताळणे टाळू नये.

मुलाच्या हाती नेमके कोणते काम द्यावे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून आम्हीच तो इथे घेतला आहे. पुष्कळ वडील मुलाला फक्त “पाना दे” आणि “दिवा धर” एवढेच सांगतात, आणि मग मूल आत मोबाइल बघायला का गेले याचे नवल करतात. मुलाला असे काम हवे असते की ज्याच्या निकालावर पुढचे काम अडलेले असते.

इंधनाचे मिश्रण हे असे पहिले काम. जुन्या टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोल आणि ऑइल आधीच मिसळून घालावे लागते. त्या काळच्या पुस्तिकांत २० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल असे प्रमाण असे; आजच्या चांगल्या ऑइलबरोबर पुष्कळ जण ३२ ला १ ठेवतात. पाच लिटर पेट्रोलसाठी पहिल्या प्रमाणाने २५० मिलिलिटर ऑइल लागते, दुसऱ्याने सुमारे १५६. हे गणित मुलाने कागदावर मांडावे, वडिलांनी तपासावे आणि त्याच आकड्याने मिश्रण व्हावे. पेट्रोल ओतण्याचे काम वडिलांनी करावे, परंतु मोजपात्रावरची रेघ वाचण्याचा अधिकार मुलाचा. चूक झाली तर पिस्टन जाम होतो हे त्याला ठाऊक असले की अपूर्णांकांचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरे काम म्हणजे इंजिनाची गळती शोधणे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या टोकांना असलेले रबरी सील वाळले की तिथून जादा हवा आत येते, हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि शेवटी अडकते. हे टाळण्यासाठी कार्ब्युरेटरची आणि धुराची तोंडे रबरी बुचांनी बंद करून हातपंपाने दर चौरस इंचाला सुमारे ६ पौंडांचा दाब भरतात आणि तो सहा मिनिटे टिकतो का ते पाहतात. दाब उतरला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचे. लहान डोळ्यांना तो बारीक बुडबुडा मोठ्यांच्या आधी दिसतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

चाकांचे स्पोकही मुलांना सोपवावेत. छोट्या पान्याने एकेका स्पोकवर हलकेच ठोकत गेले की नीट आवळलेला स्पोक स्वच्छ वाजतो आणि सैल स्पोक बद्द आवाज करतो. तबला किंवा पेटी शिकणाऱ्या मुलांचे कान या कामात तरबेज निघतात. सुटे केलेले भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवणे, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढणे, वहीत तारीख घालून नोंद करणे ही कामे सात-आठ वर्षांच्या मुलांनाही जमतात. एक व्यावहारिक सूचना : जपानी गाड्यांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने उघडू नयेत, त्यांची खाच जपानी मापाची असते आणि चुकीच्या टोकाने ती पुसली जाते. योग्य मापाचे टोक आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणावा. ठोकायचे काम मुलाला द्यावे, त्याला ते अतिशय आवडते.

कोणती कामे मुलांपासून दूर ठेवावीत?

जुन्या ब्रेक शूंच्या लायनरमध्ये आणि क्लचच्या तबकड्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रम उघडताना मुलाला खोलीबाहेर ठेवावे, आतली धूळ कधीही हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरून कोरडे घासणे टाळावे. या शिशाचा एक विचित्र इतिहास आहे : मुलांच्या वस्तूंमधील शिशावर बंधन घालणारा अमेरिकी कायदा २००८ मध्ये झाला, आणि त्याच्या कात्रीत २००९ मध्ये लहान मुलांच्या डर्ट बाइकही सापडून त्यांची विक्री थांबली, कारण त्यांच्या धातूच्या भागांत अल्प प्रमाणात शिसे असते. कोणतेही मूल गाडीचे इंजिन चाटत नाही, असा युक्तिवाद बराच काळ चालला आणि २०११ मध्ये अमेरिकी संसदेने या गाड्यांना सूट दिली. जुना रंग घासताना उडणारी भुकटी हा प्रकार मात्र वेगळा आहे. ती श्वासात आणि हातांवाटे पोटात जाते. पेट्रोलने भाग धुणे, कार्ब्युरेटर क्लीनर फवारणे आणि फिरत्या चेनला तेल देणे हीदेखील मोठ्यांचीच कामे आहेत. चालू इंजिनाच्या चेनमध्ये गेलेले बोट परत मिळत नाही.

शिकवताना वडिलांनी काय टाळावे?

सर्वप्रथम, स्वतःची गाडी चालू करणे. पहिल्या काही वेळा वडिलांनी पायी असावे, सपाट आणि मोकळ्या जमिनीवर, मुलाच्या दृष्टीच्या टप्प्यात. इंजिनाच्या आवाजावर ओरडून सूचना दिल्या की मुलाला शब्द कळत नाहीत, फक्त राग कळतो. म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. थांबायला शिकवणे हे चालवायला शिकवण्याच्या आधी यावे. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत न्यावी, मुलाने ब्रेक लावून ठरलेल्या रेघेवर थांबावे, आणि हे कंटाळा येईपर्यंत व्हावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. कोपर वर, नजर पुढे, गुडघे टाकीला, अ‍ॅक्सिलरेटर हळू, अशी चार वाक्ये एका दमात ऐकवली तर मूल त्यांतले एकही पाळत नाही.

मूल पडणारच. ते पडल्यावर धावत जाऊन गाडी उचलू नये. आधी मुलाजवळ बसावे, इंजिन बंद आहे ना ते पाहावे, लागले आहे का विचारावे आणि पुन्हा चालवायचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे. “रडतोस काय, काही नाही झालं,” हे आपल्याकडचे वडीलधाऱ्यांचे वाक्य इथे अपाय करते, कारण दुखणे लपवायला शिकलेले मूल पुढे मनगटाचे मोडलेले हाडही लपवते. “आमच्या वेळी” हे शब्दही शक्यतो घरी ठेवून यावेत. आणि मुलाची प्रत्येक फेरी मोबाइलवर टिपण्याचा मोह आवरावा. त्याला पाहणारे वडील हवे असतात, आणि मोबाइल समोर धरलेला माणूस धोक्याच्या वेळी एक क्षण उशिरा हलतो.

वडिलांकडूनच शिकले पाहिजे असाही आग्रह नसावा. वर उल्लेखलेल्या प्रशिक्षणवर्गात एक दिवस परक्या माणसाकडून शिकलेले मूल तीच गोष्ट वडिलांकडून मान्य करायला पुढे अधिक राजी असते.

मुलींसाठीही हे योग्य आहे का?

होय. अमेरिकेत १९७१ मध्ये केरी क्लाइड या तरुणीला व्यावसायिक मोटोक्रॉसचा परवाना झगडून मिळवावा लागला होता. आज तसा प्रश्न उरलेला नाही. हातमोजे, बूट आणि छातीचे कवच मुलीच्या मापाचे घ्यावे, दादाचे लहान पडलेले नव्हे.

संरक्षक साधनांवर किती खर्च करावा?

गाडीपेक्षा जास्त झाला तरी चालेल. हेल्मेट नवे, मुलाच्या डोक्याच्या मापाचे आणि वजनाला हलके असावे, कारण जड हेल्मेटचा भार लहान मानेवर येतो. एकदा आपटलेले हेल्मेट, दिसायला शाबूत असले तरी, वापरातून काढावे. घोट्याच्या वर जाणारे बूट, गॉगल, गुडघे आणि कोपरांची कवचे, हातमोजे हे सर्व पहिल्या दिवसापासून हवे, आणि वडिलांनीही ते घालावे. गाडीच्या काळाला शोभेल म्हणून १९७० च्या दशकातले जुने हेल्मेट मिळवणारे हौशी लोक आहेत. ते हेल्मेट भिंतीवरच्या फळीवर छान दिसते, तिथेच राहू द्यावे.

या गाड्या चालवायच्या कुठे?

घराच्या मागच्या अंगणात नव्हे. टू-स्ट्रोकचा आवाज शेजाऱ्यांना पाच मिनिटांतच असह्य होतो. कॅलिफोर्नियात सरकारने रस्त्याबाहेरच्या वाहनांसाठी राखून ठेवलेली क्षेत्रे आहेत. हॉलिस्टर हिल्स हे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या कुटुंबांना सोयीचे आहे, सॅक्रामेंटोजवळ प्रेअरी सिटी आहे. तिथे गाडीची रस्त्याबाहेरच्या वाहनांची नोंदणी आणि ठिणग्या अडवणारी जाळी बसवलेला सायलेन्सर लागतो. आवाजाची मर्यादा साधारणतः ९६ डेसिबल असून १९८६ पूर्वी बनलेल्या गाड्यांना १०१ डेसिबलपर्यंत सवलत आहे, जी जुन्या गाडीवाल्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. न्यू जर्सीतल्या कुटुंबांना पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या जुन्या खाणींच्या प्रदेशात उभे राहिलेले अँथ्रासाइट आउटडोअर अ‍ॅडव्हेंचर एरिया हे मोठे क्षेत्र जवळ पडते. वयाचे आणि देखरेखीचे नियम राज्याराज्यांत वेगळे असल्याने निघण्यापूर्वी ते वाचावेत.

स्पर्धांमध्ये उतरावे का?

पाहायला जरूर जावे. ओहायो राज्यात लेक्सिंग्टनजवळच्या मिड-ओहायो मैदानावर उन्हाळ्यात भरणाऱ्या विंटेज मोटरसायकल डेजमध्ये शर्यती असतात, आणि सुट्या भागांचा प्रचंड बाजारही असतो. हवा असलेला एखादा नट-बोल्ट त्या बाजारात शोधत दिवसभर वडिलांबरोबर हिंडणे मुलांना शर्यतीइतकेच आवडते.

उतरण्याचा निर्णय मात्र मुलाकडून यावा. मोटोक्रॉसच्या इतिहासात बाप-लेकांच्या जोड्या कमी नाहीत. कॅलिफोर्नियाच्या डॉन जोन्स यांनी गाड्या तयार केल्या आणि त्यांचा मुलगा गॅरी याने १९७२, १९७३ आणि १९७४ अशी सलग तीन वर्षे, यामाहा, होंडा आणि कॅन-अ‍ॅम अशा तीन वेगळ्या गाड्यांवर, २५० सीसीचे अमेरिकी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. बेल्जियमचे हॅरी एव्हर्ट्स चार वेळा जगज्जेते झाले, त्यांचा मुलगा स्टेफान दहा वेळा, आणि नातू लियाम आज त्याच मैदानांवर धावतो आहे. ही उदाहरणे उत्साह वाढवतात, पण ती मोजक्या घरांची आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून आठ वर्षांच्या मुलाचे वेळापत्रक आखणाऱ्या वडिलांचा हा छंद लवकरच आणखी एक शिकवणी होऊन बसतो. जुन्या गाड्यांच्या शर्यतींचे सौंदर्य हेच की तिथे साठीतला मनुष्यही उतरतो. वडिलांनी स्वतः शेवटच्या क्रमांकाने शर्यत पूर्ण करावी आणि मुलाने त्यांचा मेकॅनिक व्हावे, ही मांडणी आम्हाला अधिक पसंत आहे.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचा रस संपला तर?

संपू द्यावा. अर्धवट खोललेली गाडी वर्षभर तशीच पडली तर तिचे काही बिघडत नाही, मात्र सिलिंडरला आतून तेल लावून तोंडे फडक्यांनी बंद करावीत. वडिलांनी आपले काम चालू ठेवावे आणि मुलाला टोमणे मारू नयेत. वडिलांशी समोरासमोर बसून बोलणे या वयात मुलांना जड जाते. दोघांची नजर एखाद्या कार्ब्युरेटरवर असताना तीच मुले शाळेतल्या गोष्टी सहज सांगतात. तेव्हा मूल गॅरेजमध्ये नुसते येऊन उभे राहिले, तर लगेच हातात पाना देऊ नये.

महाराष्ट्रात राहून हे करता येईल का?

गॅरेजमधला अर्धा भाग पूर्णपणे करता येईल. मोटोक्रॉसच्या परदेशी जुन्या गाड्या आपल्याकडे दुर्मीळ आहेत, पण येझदी, राजदूत किंवा १९८५ ते १९९६ या काळातली यामाहा आरएक्स १०० ही इंजिने शिकण्यासाठी तितकीच उत्तम आहेत आणि त्यांची कामे करणारे जुने मिस्त्री पुणे, कोल्हापूर, नाशिकसारख्या शहरांत अजून आहेत.

चालवण्याच्या बाबतीत कायदा कडक आहे. गिअरची मोटरसायकल चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. विनागिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी १६. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. लोकांना येण्याजाण्याचा हक्क असलेली प्रत्येक जागा कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक असते, म्हणून गावाबाहेरचा कच्चा रस्ता किंवा शाळेचे मैदान यांना ‘मोकळी जमीन’ समजण्याची चूक करू नये. वनखात्याच्या टेकड्यांवर तर गाडी नेऊच नये. स्वतःच्या मालकीचे, कुंपण असलेले शेत किंवा मुलांसाठी प्रशिक्षण देणारा बंदिस्त ट्रॅक एवढेच पर्याय उरतात. स्पर्धेचा विचार असेल तर ती स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या मान्यतेने होत आहे का, मुलाच्या वयाचा गट तिच्यात आहे का आणि अपघात विमा कोण उतरवते, हे तीन प्रश्न आयोजकांना लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत.